जुनी गाडी, रोजचा प्रवास

नेरडीगोंड्याहून आदिलाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घटकाभर उभे राहिले असता नव्या, धिप्पाड मोटारींच्या रांगेतून अधूनमधून एखादी चिमुकली मारुती ८०० लगबगीने जाताना दिसते. १४ डिसेंबर १९८३ रोजी या जातीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग अजून लहान गावांतही मिळतात. जुनी गाडी रोजच्या वापरास घ्यावयाची, तर हीच गोष्ट सर्वांत मोलाची.

मी पेशाने शिक्षक, यंत्रज्ञ नव्हे. शाळा, बाजार आणि रविवारची मिस्सा एवढ्यापुरते वाहन हवे होते, म्हणून १९९८ सालची एक गाडी घेतली आणि पहिलीच चूक अशी केली की, आधी तिला रंग दिला. रंग सुरेख उतरला. पण पावसाळा सरल्यावर पायाखालचा गालिचा उचलून पाहतो, तो खालचा पत्रा गंजून चाळणीसारखा झालेला! रंगाऱ्याने गंजावरच लुकण भरून वर रंग चढविला होता. पत्रा कापून नवा जोडावा लागला आणि रंगाचे पैसे पाण्यात गेले. तेव्हा आधी गालिचा उचलावा, दारांखालच्या कडा टोचून पाहाव्यात. रंगाचा विचार सर्वांत शेवटी.

मग इंजिन. ते ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावावा व प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर काळजी नको. एखादा कमी भरला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा वॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. माझ्या गाडीत तो वाढला नाही. वॉल्व्ह घासून बसविल्यावर काम भागले आणि सारे इंजिन उतरविण्याचा खर्च टळला. या दहा मिनिटांच्या परीक्षेला मिस्त्री कंटाळतात. आपण आग्रह धरावा.

पेट्रोलचाही विचार हवा. आता पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कारबोरेटरच्या काळातील रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात, चिरतात. त्या नव्या घालाव्यात. शिवाय लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने मायलेज थोडे उतरणारच. ते मिस्त्रीच्या माथी मारू नये.

काटकसर करू नये ती ब्रेकमध्ये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. निर्मलच्या जुन्या रस्त्यावरील महबूब घाटातून उतरताना मला याचा प्रत्यय आला. सतत ब्रेक दाबल्याने चाकाजवळचे तेल तापले, त्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि पायाखालचा दांडा एकाएकी मऊ पडला. पत्नी व दोन मुले गाडीत होती. गिअर उतरवून, हातब्रेक हळूहळू ओढून गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. त्यानंतर दर दोन वर्षांनी हे तेल बदलतो आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवतो. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडेही वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचे रबर विश्वासाचे नव्हे.

उरला कायदा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. माझ्या गाडीची पाळी २०२८ मध्ये येईल. तोवर तो जोडलेला पत्रा टिकला, तर दहा हजार भरण्याचा माझा विचार आहे. घरच्या मंडळींचे मत मात्र अजून निराळे आहे.