धनेश टिपताना
संगमेश्वर तालुक्यातल्या देवरायांत, वड-उंबरांवर मलबारी कवड्या धनेश दिसतो. अंग काळं, पोट पांढरं. कॅमेऱ्याचं मीटर इथे हमखास फसतं. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर १ ते १.५ स्टॉप वाढवा, नाहीतर नुसती काळी आकृती हाती येते. गर्द झाडीपुढे पक्ष्यावर ऊन असेल तर उलट पाऊण स्टॉप कमी करा, म्हणजे पोटावरची पिसं पांढरीफटक होत नाहीत. उडताना शटर १/१६००. चोचीपुढे जागा सोडा, फळांनी लगडलेली फांदीही घ्या. निव्वळ चोचीचे क्लोजअप पुष्कळ झाले. विणीत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फळं भरवतो. माणूस जवळ दिसला की तो यायचं टाळतो. तेव्हा ढोलीपासून लांबच राहा. फ्लॅश तर नकोच.