पाहुणा हवा, ओळखीचा नको

ऑर दव्र, पोताज, अफ, फारिनो, प्वासाँ, आंत्रे... हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना सतरा कोर्सचा हा अभिजात फ्रेंच मेन्यू ओळीनं पाठ असावा लागतो. इतकं जेवण आता कुणी जेवत नाही, पण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. गंमत म्हणजे हे शिकवणारी देशातली पहिली संस्था जन्मली ती धान्यटंचाईच्या दिवसांतून.

मुंबईकर तिला नुसतं ‘दादर केटरिंग’ म्हणतात. वीर सावरकर मार्गावर, कीर्ती कॉलेजच्या वडापावच्या जवळपास. 1954 साली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनं ती काढली. पुढाकार लीलावती मुन्शींचा. त्यांचे पती कन्हैयालाल मुन्शी 1950 ते 1952 या काळात केंद्रात अन्न व शेतीमंत्री होते. गहू-तांदूळ रेशनवर, आणि सरकारचा आग्रह की लोकांनी दुसरं काही खावं. परिषदेनं त्यासाठी ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं चालवली, भात-पोळीला फाटा देणारी. टंचाई सरली, पण संस्थेच्या लांबलचक नावात ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ आजही आहे. 1982 मध्ये हे सगळं शिक्षण अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेलं आणि पोटभर जेवणाची चिंता मागे पडून पंचतारांकित जेवणाची सुरू झाली.

अशा कॉलेजात स्वयंपाकघरांनाही इयत्ता असतात. आधी बीटीके, म्हणजे बेसिक ट्रेनिंग किचन: कांदा एकसारखा चिरणं, स्टॉक, पांढरा सॉस. मग क्यूटीके, म्हणजे क्वांटिटी ट्रेनिंग किचन; तिथे मोठ्या पातेल्यांत प्रांतोप्रांतीचं जेवण. शेवटी एटीके, म्हणजे ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग किचन. स्वयंपाकघरातली चूक मात्र दाराआड राहते; ट्रेनिंग रेस्तराँत ती पाहुण्यासमोर येते.

तिथे दिवस सुरू होतो ब्रीफिंगनं. नखं, बूट, दाढी, अंबाडा तपासला जातो. खिशात पेन, काडेपेटी आणि बाटली उघडायचा ‘वेटर्स फ्रेंड’ हवाच. आजचं सूप कशाचं, त्यात काय काय पडलंय, हे न अडखळता सांगता यायला हवं. काटे-चमचे गरम पाण्यातून काढून कोरडे पुसायचे, मेजाच्या कडेपासून अर्धा इंच आत, एका रेषेत लावायचे. त्यानंतरची खरी परीक्षा सिल्व्हर सर्व्हिसची. डाव्या हातावर गरम थाळ, उजव्या हातात चमचा नि काटा चिमट्यासारखा धरलेला, वाढायचं पाहुण्याच्या डावीकडून. संपलेली ताटली उजवीकडून उचलायची. बटाटा कसाही उचलला जातो. मटार वाढताना भल्याभल्यांचे हात कापतात. गोडाआधी टेबलावरचे पावाचे कण घडी केलेल्या रुमालानं बशीत लोटायचे. डाव्या-उजव्याचे नियम आपल्या ताटालाही आहेत, फक्त तिथे डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची असते, वाढप्याची नसते.

आता पैशांचं. चांगल्या हॉटेलच्या बिलात जिन्नसांचा खर्च ढोबळमानानं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. बाकीचं पगार, भाडं, धुलाई, नफा. कॉलेजात वाढणाऱ्याला पगार नाही, उलट तोच फी भरून वाढतो. त्यामुळे असं जेवण मध्यमवर्गीय खिशाला सहज परवडेल अशा दरात देता येतं.

पण ते खातं कोण? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक तुकडी रांधते, दुसरी वाढते आणि जेवायलाही मुलंच बसतात. फार तर शिक्षक, निमंत्रित. मित्राच्या मांडीवर सूप सांडलं की दोघंही हसतात, आणि शिकायचं तेवढं राहून जातं. लंडनला व्हिन्सेंट स्क्वेअरवर 1910 पासूनचं असंच एक पाकविद्यालय आहे. जेमी ऑलिव्हर तिथलाच विद्यार्थी. तिथल्या ‘व्हिन्सेंट रूम्स’मध्ये कुणीही टेबल राखून ठेवावं आणि बाहेरच्यापेक्षा बऱ्याच कमी दरात जेवावं. सुट्ट्या लागल्या की रेस्तराँ बंद, कारण आचारी घरी गेलेले!

आपल्या कॉलेजांनीही आठवड्यातली एक दुपार अनोळखी माणसांसाठी ठेवावी, असं मला वाटतं. अडचणी दिसतात: परवाने, हिशेब, परीक्षांचं वेळापत्रक. तरी ज्या मुलानं वर्षभर फक्त वर्गमित्रांना वाढलं, तो इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेल्यावर पहिल्या तक्रारखोर गिऱ्हाइकासमोर गोठतो. जेवणाऱ्यानंही काही पाळायला हवं. वेळेवर यावं, मेन्यूत जे असेल ते घ्यावं, दोन कोर्सांमध्ये बराच वेळ गेला तर घड्याळाकडे बघू नये. सूप गार असेल तर मात्र तिथल्या तिथे सांगावं. ‘असू दे रे बाळा, चालेल,’ म्हणत ते पिऊन टाकणारे आपले सोशिक काका या टेबलावर काही उपयोगाचे नाहीत.