वेरूळ उद्या, आधी नान-कलिया!

पाहुण्यांना लेणी दाखवून झाली? मग आता शहर चाखवा! सकाळच्या पाणचक्कीपासून रात्रीच्या पानापर्यंत, एका दिवसाची खास ‘खाऊ टूर’...

ॲमस्टरडॅमला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राला विचारा. म्युझियममध्ये काय पाहिलं, हे तो आठवून आठवून सांगेल. पण कालव्याकाठच्या टपरीवर कच्च्या कांद्याबरोबर खाल्लेल्या हेरिंग माशाबद्दल मात्र न विचारता अर्धा तास बोलेल! तिकडे ‘फूड टूर’ हा आता रीतसर धंदा आहे. गाइड तुम्हाला योर्दानसारख्या जुन्या वस्तीत नेतो. एका कोपऱ्यावर हेरिंग, दुसऱ्यावर मुरलेलं चीज, पुढे दोन पातळ वाफल्समध्ये पाक भरलेलं स्ट्रूपवाफल आणि शेवटी एखाद्या जुन्या बारमध्ये गरमागरम बिटरबालन. खाता खाता तो शहराची गोष्ट सांगतो. पोट भरतं आणि शहरही कळतं.

आता जरा स्वतःला विचारा. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत बाहेरचा पाहुणा आला की आपण काय करतो? शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा, वेळ उरलाच तर मकबरा. आणि जेवायला? जालना रोडवरच्या एसी हॉटेलात पनीर बटर मसाला! तोच, जो त्याने आदल्या आठवड्यात पुण्यात आणि त्याआधी दिल्लीत खाल्लेला असतो. बिचारा ‘व्हेरी नाइस’ म्हणतो आणि आपण खूश.

खरं तर आपल्या शहराकडे सांगण्यासारखं आणि खाण्यासारखं काय कमी आहे? १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग त्याच्या मुलाचं फतेहनगर, १६५३ नंतरचं औरंगाबाद आणि फेब्रुवारी २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. चार शतकांत चार नावं! निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथली ज्वारी-बाजरी पिकवणारा मराठवाडा. प्रत्येकाने या शहराच्या ताटात काही ना काही वाढलं आहे. मग चला, गाइड आम्ही. तुम्ही फक्त भूक घेऊन या!

पहिला थांबा : पाणचक्की

खाऊ टूरची सुरुवात खाण्याने नाही, पिठाने करायची. खाम नदीकाठची पाणचक्की आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असते आणि त्यानंतर कधीच नाही. एकदा मोठेपणी जाऊन बघा. काही किलोमीटर लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं, ते उंच भिंतीवर चढवलं, तिथून खाली पाडलं आणि त्या जोरावर दगडी जातं फिरवलं. ना बैल, ना वीज. या जात्यावर दळलेलं धान्य बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि फकिरांच्या पोटात जायचं.

थोडक्यात काय, तर आज आपण ज्याला कॉर्पोरेट कँटीन म्हणतो, त्याचं बॅकएंड! वाटसरूला उपाशी पाठवायचं नाही, हा या शहराचा फंडा तेव्हापासूनचा आहे.

दुसरा थांबा : गुलमंडी

आता रिक्षा करा आणि गुलमंडी गाठा. गाडी आणण्याच्या भानगडीत पडू नका. पार्किंग शोधता शोधता भूक मरेल. कचोरी, जिलबी, पोहे, मिठाईची जुनी दुकानं, हे सगळं इथे हाकेच्या अंतरावर. सकाळी कढईतून निघणारी पहिली जिलबी आणि अकरा वाजता ट्रेमध्ये पडून राहिलेली जिलबी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ध्यानात ठेवून वेळ ठरवा.

एकच सल्ला : इथे पोटभर खाऊ नका! ॲमस्टरडॅमचा गाइडही हेच सांगतो. प्रत्येक थांब्यावर दोन घास. चार जणांत एक प्लेट. टूरचा हीरो अजून यायचाय.

तिसरा थांबा : नान-कलिया, बॉस!

सिटी चौक ओलांडून शहागंजकडे निघालात की हवेचा वासच बदलतो. शहागंज, चंपा चौक, रोशन गेट या पट्ट्यात दुपारी फिरा. जमिनीत खोल गाडलेली भट्टी, तिच्या पोटात लाल निखारे आणि काठावर बसलेला कारागीर. आंबवलेल्या पिठाचा गोळा हाताने पसरायचा, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवायचा, भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवायचा आणि भाजला की लोखंडी सळीने अलगद ओढून काढायचा. पिवळाधमक, जाडसर, किंचित गोडसर नान! बटर नानशी याची तुलना करू नका, नात्यातलं कुणी नाही ते.

आणि त्याच्याबरोबर कलिया. मटणाचा पातळ, मसालेदार रस्सा आणि वर तरंगणारी लालभडक तर्री. नानचा तुकडा मोडायचा, रश्श्यात पुरता बुडवायचा आणि मग काही वेळ कुणाशी बोलायचं नाही.

याची गोष्ट इथला प्रत्येक जण सांगतो. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं. एवढ्या मोठ्या लष्कराला झटपट जेवू घालायचं कसं? तर जमिनीत खड्डे खणून भट्ट्या पेटवल्या, ढिगाने नान भाजले आणि मोठ्या हंड्यांत कलिया शिजवला. राजधानी काही वर्षांत परत गेली, नान-कलिया मात्र राहिला!

गोष्ट झकास आहे, पाहुण्याला जरूर सांगा. पण त्याने तर्रीकडे बोट दाखवून ‘हेच खायचे का ते सैनिक?’ असं विचारलं, तर उत्तर तयार ठेवा : हेच नाही. कारण मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, १६व्या शतकात. म्हणजे तुघलकाच्या हंड्यात लाल तिखट असणं शक्यच नाही! त्या कलियाचा तिखटपणा फार तर मिऱ्यांचा आणि आल्याचा. आजची लाल तर्री ही नंतरच्या पिढ्यांची कमाई. पदार्थ जुना असतो तो असाच, दर शंभर वर्षांनी काहीतरी नवीन पचवत.

जायफळाची डच गोष्ट

पाहुणा हॉलंडचा असेल तर हा किस्सा खास त्याच्यासाठी. खड्या मसाल्यातली जायपत्री आणि लवंग आपण आपलीच समजतो, पण जायफळाचं मूळ गाव म्हणजे आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने ती रक्तपात करून ताब्यात घेतली आणि जायफळाच्या व्यापारावर कुलूप घातलं. याच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या कोकणात, वेंगुर्ल्यात वखार उघडली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे औरंगजेब इथे दख्खनचा सुभेदार होता, त्या काळात त्याच्या मुदपाकखान्यातल्या जायपत्रीचा धंदा डचांच्या मुठीत होता!

आणि मसाल्याची चव डचांनाही लागलीच. लायडन शहराच्या नावाचं चीज खाऊन बघा, त्यात चक्क जिरं असतं. फ्रीसलंडच्या चीजमध्ये लवंग असते. इंडोनेशियातून नेलेली ‘राइसटाफल’, म्हणजे भाताभोवती डझनभर वाट्यांची थाळी, आता त्यांची शान आहे. थोडक्यात, ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून आपण जे मिरवतो, त्यात निम्मं बाहेरून आलेलं असतं. तिथेही आणि इथेही.

जरा सीरियस बोलू या

सिडकोत वाढलेल्या, कॅनॉटला कॉफी पिणाऱ्या आपल्यापैकी कितीजण शहागंजात शेवटचं कधी गेले होते? दोन्हींमध्ये अंतर काही फार नाही. पण मनातलं अंतर मोजायला किलोमीटर पुरत नाहीत. मे २०१८ मध्ये याच जुन्या भागात दंगल झाली, दोघांचा जीव गेला, दुकानं जळाली. त्यानंतर ‘उगाच कशाला तिकडे’ हे वाक्य घराघरांत आणखी पक्कं झालं. शहराच्या नावावरून, इतिहासावरून आपण व्हॉट्सॲपवर रात्र रात्र भांडतो. पण ज्यांच्याशी भांडतो त्यांच्या गल्लीतला चहा आपण प्यायलेला नसतो.

नान-कलिया हा मुळात दावतचा पदार्थ. लग्नात दस्तरखानावर शेकडो माणसं बसतात तेव्हाचा. भट्टीला लागतात लाकूड, जागा आणि ऊन-धग सोसून राबणारे हात. फक्त लग्नसराईच्या ऑर्डरवर ती किती पिढ्या टिकणार? कारागिराचा मुलगा उद्या आपल्यासारखीच नोकरी शोधेल, आणि त्यात चूक काहीच नाही. पण भट्टीपाशी रोजचं गिऱ्हाईक असेल, तर त्याच्यासमोर दोन पर्याय असतील. नसेल तर एकच. ‘हेरिटेज वाचवा’ म्हणत पोस्ट टाकणं सोपं आहे. इथे तर वाचवायचं म्हणजे नुसतं खायचंय. याहून सोपं समाजकार्य कुठलं?

चौथा थांबा : कुणाच्या तरी घरी

ही टूर अर्धवट राहील, जर त्यात मराठवाड्याचं स्वयंपाकघर आलं नाही. आणि त्याचं अस्सल रूप हॉटेलात क्वचितच सापडतं. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला, दह्याबरोबर खरपूस धपाटं, हुलग्याचे शेंगोळे, येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. यासाठी रिझर्व्हेशन लागत नाही, ओळख लागते! ऑफिसातल्या जालना-बीड-परभणीच्या मित्राला पटवा. ‘काकू, आज तुमच्याकडे येतोय, पाच जण आहोत’ एवढा एक फोन पुरतो. हिवाळा असेल तर शेतावर हुरडा आणि दौलताबादच्या बाजूची सीताफळं सीझन बघून यादीत टाका. रमजानमध्ये हीच टूर उलटी करा : सुरुवातच संध्याकाळी, हलीमपासून!

शेवटचा थांबा : उस्मानपुरा

जेवणावर पान हवंच. उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर पाच हजार रुपयांच्या ‘कोहिनूर’ पानामुळे देशभर गाजलं. नवविवाहितांसाठीचं हे पान गिफ्टसारखं नटवून मिळतं. घाबरू नका, खिशाला परवडणारी साधी पानंही तिथे भरपूर आहेत. कोहिनूरचा भाव पाहुण्याला युरोमध्ये सांगा आणि त्याचा चेहरा बघा. टूरचा क्लायमॅक्स तोच!

निघण्यापूर्वी हे वाचा

* वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. लेणी बंद असतील तो दिवस खाऊ टूरसाठी परफेक्ट.
* कलिया कशाचा आहे, हे सरळ विचारा. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे बकऱ्याचा की म्हशीचा, एवढाच प्रश्न उरतो. विचारण्यात कुणाला राग येत नाही, नीट उत्तर मिळतं.
* ग्रुपमध्ये शाकाहारी मंडळी असतील तर गुलमंडी, मित्राचं घर आणि पान हे तीन थांबे त्यांचेच. शिवाय गरम नान नुसताही खाता येतो, फक्त त्यात अंडं आहे का ते विचारून घ्या.
* भट्टीचे फोटो काढण्याआधी कारागिराला विचारा. आणि फोटो काढून तसेच पुढे सटकू नका, दोन नान तरी घ्या!
* यूपीआय असलं तरी सुटे पैसे जवळ ठेवा. पायात बूट, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली.
* शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी जुन्या शहरात गर्दी असते. त्यापुढचा तास निवडा.

तर मंडळी, येत्या वीकेंडला मॉलचा प्लॅन कॅन्सल! पाहुणा येण्याची वाट कशाला बघायची? या शहरात आपणही अजून थोडे पाहुणेच आहोत.