खारबांधापुढील कांदळवन

मोशीच्या बागाइतदारास समुद्रकांठच्या खारफुटीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आपली इंद्रायणी पूर्ववाहिनी. ती तुळापुरास भीमेस मिळते व पुढें कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. परंतु तिच्या उगमाकडील सर्वच पाणी आपल्याकडे येत नाहीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें तिच्यावर टाटांचें धरण आहे. त्याचें पाणी नळांतून घाटाखालीं खोपोलीच्या वीजगृहांत उतरतें (हें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें) आणि तेथून पाताळगंगेच्या वाटेनें धरमतरच्या खाडीस मिळतें. म्हणजे आपल्याच नदीचा एक वांटा पेण-अलिबागकडे जातो. तेव्हां तेथील शेतकऱ्यावर काय प्रसंग आला आहे तें पाहणें म्हणजे परक्या घरांत डोकावणें नव्हे.

त्या भागास खारेपाट म्हणतात. भरतीचें पाणी अडविण्यास मातीचा बांध घालावयाचा व त्यांत ठिकठिकाणीं उघाड्या ठेवावयाच्या. भरतीस दार मिटावें, ओहोटीस शेतांतलें पावसाचें पाणी बाहेर निघून जावें, अशी योजना. कांहीं पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालें कीं जमीन भातास येते. काळा रता, भुरा रता हीं भातें अशा जमिनींत पूर्वीपासून होत आलीं. पुढें पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें खारटपणा सोसणाऱ्या ‘पनवेल’ जाती काढल्या. घाटमाथ्यावर ताली घालून जशी जमीन केली, तशी ही समुद्राकडून मिळविलेली जमीन होय.

बांधाच्या बाहेर, भरतीच्या टापूंत, तिवर, चिप्पी, कांदळ यांचें रान असतें. तिवराचीं श्वासमुळें खुंट्यांसारखीं चिखलांतून वर डोकें काढतात. कांदळाचीं मुळें खोडापासून कमानीसारखीं खालीं उतरतात. त्याचें बीं झाडावरच रुजून शेंगेसारखें लांबतें व गळून चिखलांत उभें रुततें. (पांढऱ्या चिप्पीस २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष ठरविण्यांत आलें.) या मुळांच्या जाळ्यांत लाटेचा जोर मोडतो आणि गाळ बसतो. ओडिशांत १९९९ सालीं जें मोठें चक्रीवादळ झालें, त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यांतील गांवांचा अभ्यास करण्यांत आला. ज्या गांवांपुढें खारफुटीचा पट्टा रुंद होता तेथें माणसें कमी दगावलीं असें त्यांत दिसून आलें. शेतकऱ्याच्या हिशेबानें सांगावयाचें तर, ज्याच्या बांधापुढें तिवर उभें आहे त्याच्या बांधास माती कमी लागते.

असें असूनहि हें रान फार तुटलें. सर्पणासाठीं तुटलें, मिठागरांसाठीं व बंदरांसाठीं तुटलें. शहराजवळ तर भरावानेंच अधिक मेलें. भरावाची रीत आपणांस नवी नाहीं. आपल्या शेजारच्या चिखलींत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेंत उभीं राहिलेलीं ३६ घरें मे २०२५ मध्यें हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडावीं लागलीं. खाडीवरहि तोच प्रकार. फरक इतकाच कीं, तिवराचीं श्वासमुळें भरावाखालीं गुदमरतात, झाड उभ्या उभ्या वाळतें आणि कुऱ्हाड कोणाचीच दिसत नाहीं.

२००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनाची तोड आणि त्याच्या भोंवतीं ५० मीटरच्या आंत भराव व बांधकाम यांस मनाई केली. २०१८ च्या निकालानें ती अधिक पक्की झाली. मध्यंतरीं, २०१२ सालीं, वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालांत राज्याचें कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतें, तें २०२१ च्या अहवालांत ३२४ झालें. मोजणी बारीक झाल्यानेंहि कांहीं वाढ दिसत असावी; तरी बंदीचा गुण आला हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु या वाढींतच खारेपाटांतील शेतकऱ्याचें दुखणें आहे. बांधास खांड पडली व ती वेळेवर बुजली नाहीं, कीं भरतीबरोबर खारफुटीचें बीं शेतांत शिरतें आणि थोड्याच वर्षांत भाताच्या खाचरांत तिवर उभें राहतें. सातबाऱ्यावर नांव शेतकऱ्याचें, जमिनींत रान खाडीचें, आणि तें तोडणें गुन्हा! खांड बुजविण्यासहि मग परवानगीचा खटाटोप. पूर्वी खाचरांचे धनी एकत्र येऊन बांधास माती घालीत. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा यांच्यामागून हें काम सरकारी खात्याकडे गेलें आणि गांवचा हात सुटला. खातें येईपर्यंत समुद्र थांबत नाहीं.

आमच्या मतें बांधाबाहेरचें रान आणि बांधाआंतलें रान यांत भेद केला पाहिजे. बाहेरचें एक झाडहि तुटतां कामा नये. आंत मात्र, जेथें शेत होतें हें दप्तरावरून सिद्ध आहे आणि दुरुस्तीच्या दिरंगाईनें तें बुडालें आहे, तेथें जमीन सोडवून द्यावी, अथवा रान ठेवावयाचें असल्यास धन्यास रीतसर भरपाई द्यावी. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेंतून खेकडे, कालवें, जिताडा यांच्या पालनास अनुदान मिळतें. खाडीवर पोट असणाऱ्या गटांस ती योजना चांगलीच आहे. पण दोन एकर भात गमावलेल्या खातेदारास खेकड्यांचें कुंपण हा मोबदला नव्हे.

तोंवर शेतकऱ्याच्या हातीं आहे तें इतकेंच. उघाडीचीं दारें वैशाखांतच पाहून घ्यावींत आणि बांधांतलीं खेकड्यांचीं बिळें चिखलानें ठासावींत. खांड पडल्यास ती त्याच वर्षीं, पावसाळ्यापूर्वी बुजवावी, म्हणजे पुढील पावसांत मीठ बरेंचसें धुऊन जातें आणि बीं रुजण्यास अवसर मिळत नाहीं. माती घेणें ती बांधाच्या आंतल्या अंगाची घ्यावी. बाहेरच्या अंगास तिवरें आहेत.