मासेमारी नौकेवरील साहाय्यक आउटबोर्ड यंत्र : निवड व जोडणी

कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी नौकेचे मुख्य यंत्र भर समुद्रात बंद पडल्यास खलाशांना सुखरूप परत आणणे, हे साहाय्यक यंत्राचे प्रयोजन होय. त्याची निवड याच निकषावर व्हावी. पाणी सारून चालणाऱ्या नौकेचा व्यवहार्य कमाल वेग पाणरेषेवरील लांबीवरून ठरतो. फुटांतील लांबीच्या वर्गमूळास १.३४ ने गुणल्यास तो नॉटमध्ये मिळतो. २५ फुटांसाठी तो सुमारे ६.७ नॉट येतो. त्यापुढे अश्वशक्ती वाढविल्यास मुख्यतः इंधनच अधिक जळते. अशा नौकेस मोठ्या व्यासाचा व एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा उपयुक्त ठरतो.

जोडणीत शाफ्टची लांबी निर्णायक असते. १५ व २० इंच ही तिची प्रचलित मापे होत. शाफ्ट आखूड असल्यास लाटेवर पिछाडी उचलली जाताच पंखा हवेत फिरतो, शीतकरणाचे पाणी तुटते व यंत्र तापते. म्हणून पंख्यावरील आडवी पट्टी नौकेच्या तळाच्या किंचित खाली राहावी. इंधनटाकी स्वतंत्र असावी. अन्यथा दूषित इंधन दोन्ही यंत्रे एकाच वेळी बंद पाडू शकते. सारांश, योग्य मापाचे, घट्ट बसविलेले आणि प्रत्येक फेरीपूर्वी चालवून पाहिलेले लहान यंत्रच संकटकाळी उपयोगी पडते.