इंटरनेटवरील नावांचा कारभार आणि उत्तरदायित्व

संकेतस्थळाचे नाव लिहिताच अपेक्षित पान उघडते. कारण जगातील अशा नावांची एक सामाईक नोंदव्यवस्था आहे. तिचा समन्वय ‘आयकॅन’ ही १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेली ना-नफा संस्था करते. १ ऑक्टोबर २०१६ पासून या कार्यावरील अमेरिकी शासनाची करारान्वये असलेली देखरेख संपुष्टात आली. मग ही संस्था उत्तरदायी कोणाला? नव्या उपविधींनी सहभागी समुदायांना अंदाजपत्रक नाकारण्याचा व संचालकांना दूर करण्याचा अधिकार दिला. बाधित व्यक्ती वा संस्थेस स्वतंत्र पुनर्विलोकनही मागता येते.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. ‘डॉट ऑर्ग’ ही नावे अनेक सेवाभावी संस्था वापरतात. आलेल्या बहुसंख्य हरकती विरोधी असतानाही २०१९ च्या मध्यास आयकॅनने या नावांच्या शुल्कावरील कमाल मर्यादा उठविली. नोव्हेंबरमध्ये नोंदणी सांभाळणारी ना-नफा संस्था एका खाजगी गुंतवणूक कंपनीस सुमारे ११३ कोटी डॉलरना विकण्याचे जाहीर झाले. शुल्कवाढीच्या भीतीने जगभरातील सेवाभावी संस्थांनी विरोध केला. कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादींनीही आक्षेप नोंदविला. अखेर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने संमती नाकारली. शुल्कमर्यादा उठविताना पारदर्शकतेच्या उपविधींचा भंग झाला, असा निष्कर्ष स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला.

केवळ हरकती मागविणे पुरेसे नाही; निर्णय कोणी व कोणत्या कारणास्तव घेतला, हे उघडपणे नोंदविणेही तितकेच आवश्यक आहे. ग्रामसभेस हे तत्त्व अपरिचित नाही.