आज्ञाधारक लहरी

मैफलीला आरंभ होण्यापूर्वी तंबोरा कसा जुळवितात, हे तुम्ही पाहिले आहे काय? गवई पेटीची एक पट्टी दाबून धरावयास सांगतो, तंबोऱ्याची तार छेडतो आणि दोन्ही स्वर कानाने ताडून पाहतो. तार उतरलेली असली, तर तो खुंटी पिळतो. चढलेली असली, तर ती सैल करतो. दोन्ही स्वर एकजीव झाले, की त्याचा हात थांबतो. आपल्या मोबाइलमध्येही अशीच जुळवाजुळव सतत चाललेली असते. भेद इतकाच, की तेथे खुंटी पिळणारा हात नसतो. ते काम आधी लिहून ठेवलेल्या आज्ञा करतात.

मोबाइलवरील आपले बोलणे रेडिओलहरींवरून जवळच्या मनोऱ्यापर्यंत जाते. या लहरींचे अस्तित्व हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1888 च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले. लहरीची एका सेकंदात जितकी कंपने होतात, त्या संख्येस तिची कंप्रता म्हणतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ आणि दहा लाख कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ होय. प्रत्येक कंप्रता ही जणू एक निराळी वाट आहे. एकाच ठिकाणी दोघे जण नियम न पाळता एकाच वाटेवर आले, तर दोघांचेही बोलणे कोणास कळत नाही.

जुन्या रेडिओत ही वाट निवडण्यासाठी एक गोल बटण असे. ते फिरविले, की आतील धातूचे पत्रे एकमेकांत कमीअधिक सरकत आणि एक केंद्र जाऊन दुसरे ऐकू येई. मोबाइलचे काम इतक्या सावकाशीने भागत नाही. दुसऱ्या पिढीच्या मोबाइलला, मनोऱ्याची तशी सूचना असल्यास, एकाच संभाषणात सेकंदाला सुमारे 217 वेळा कंप्रता बदलावी लागते. एवढी चपळाई कोणत्या बोटांत असणार?

म्हणून येथे आकड्यांची मदत घेतलेली आहे. मोबाइलमध्ये स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा असतो. त्याची कंपने अत्यंत नियमित असतात. पुष्कळ मोबाइलमध्ये त्यांची कंप्रता 26 मेगाहर्ट्झ असते. हा स्फटिक म्हणजे पेटीची न ढळणारी पट्टी. त्याच्या जोडीला आंदोलक नावाची एक रचना असते. विजेचा दाब कमीअधिक केला, की आंदोलकाची कंप्रता बदलते. ही झाली तंबोऱ्याची तार. आता आंदोलकाच्या कंप्रतेला एका ठरावीक आकड्याने भागतात आणि येणारा भागाकार स्फटिकाच्या कंप्रतेशी ताडून पाहतात. दोहोंत फरक आढळला, तर विजेचा दाब आपोआप बदलतो आणि दोन्ही जुळेपर्यंत बदलत राहतो.

समजा, भाजक 36 ठेवला. मग भागाकार 26 येण्यासाठी आंदोलकाला 936 मेगाहर्ट्झवरच स्थिर व्हावे लागेल. भाजक 35 केला, तर तो 910 वर येईल. अधल्यामधल्या कंप्रतांसाठी अपूर्णांकही वापरता येतात. तात्पर्य, आकडा बदलला की वाट बदलली! हा आकडा पुरविणाऱ्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. रेडिओयंत्राचे बहुतेक काम सॉफ्टवेअरवर सोपविता येईल, ही कल्पना जोसेफ मिटोला या अमेरिकन अभियंत्याने 1992 साली एका निबंधात मांडली होती.

परंतु कोणता आकडा घ्यावा, हे मोबाइल स्वतःच्या मर्जीने ठरवीत नाही. तुम्ही एस. टी.ने गावोगाव जात असता, तेव्हा एकामागून एक मनोरे तुमच्या मोबाइलला सूचना देत असतात : ‘आता या कंप्रतेवर ये, आवाज थोडा लहान कर, तू जवळ आला आहेस.’ मोबाइल निमूटपणे तसे करतो. विमानात आपण एक खूण दाबतो आणि मोबाइलचे मनोऱ्याशी बोलणे थांबते, तेही याच आज्ञावलीमुळे.

मात्र जे आकड्याने घडते, ते चुकीच्या आकड्याने बिघडूही शकते. 406 मेगाहर्ट्झच्या आसपासची एक अरुंद वाट संकटातील जहाजांसाठी व विमानांसाठी जगभर राखून ठेवलेली आहे. बुडत्या नौकेवरील यंत्र या वाटेने हाक मारते. उपग्रह ती ऐकतात आणि बचावपथकाला वार्ता पोहोचते. एखाद्या प्रेषकाने भलत्याच आज्ञेने तेथे कोलाहल माजविला, तर ती हाक विरून जाईल. म्हणून मोबाइलच्या रेडिओची आज्ञावली कारखान्यातच बंदिस्त केलेली असते आणि नको त्या कंप्रता अडविण्यासाठी आत निराळ्या गाळण्याही बसविलेल्या असतात. कोणती वाट कोणाची, हे राष्ट्रे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत ठरवितात. आपल्या देशात हे काम पाहण्यासाठी 1952 साली भारत सरकारचा एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

रेडिओलहरींना कुंपण घालता येत नाही. त्या सर्वांच्या अंगणातून जातात. म्हणून त्यांना आज्ञा देणाऱ्याने आधी स्वतः नियमाची आज्ञा पाळली पाहिजे. अनेक तंबोरे एका पट्टीत जुळविता येतात. पण कोट्यवधी मोबाइलांचा मेळ बसतो, तो प्रत्येकाने नेमून दिलेल्या वाटेनेच गेल्यामुळे.